बांधावरून एक फेरी मारली की शेताचं क्षेत्रफळ कसं कळतं? मानकोलीच्या जमिनीवर समजून घ्या ग्रीन आणि स्टोक्सचं गणित

मुंबई-नाशिक हायवेवरून भिवंडीच्या दिशेने जाताना मानकोली नाका लागतो. आजूबाजूला नजर जाईल तिथे गोदामं. कपडे, मोबाइल, फ्रिज, किराणा, आपण ऑनलाइन मागवतो त्यातलं बरंच काही इथल्याच कुठल्यातरी पत्र्याच्या शेडमधून निघतं. पण याच जागेवर आधी भाताची खाचरं होती, आणि मधेमधे अजूनही आहेत. त्यामुळे जमिनीचा विषय इथे घराघरात आहे. व्यवहार एकराचा असला तरी बोलणी गुंठ्यावर येतात आणि गुंठ्यावरून चौरस फुटावर.

व्यवहार म्हटला की मोजणी आली. भूमी अभिलेख कार्यालयातले भूकरमापक येतात. हातात उंच काठी, तिच्यावर डबीसारखं यंत्र. त्याला रोव्हर म्हणतात. काठी एका कोपऱ्यावर टेकवायची, नोंद घ्यायची, पुढच्या कोपऱ्यावर जायचं. असं करत फेरी पूर्ण होते आणि स्क्रीनवर क्षेत्रफळ येतं.

आता यातली गंमत बघा. शेताच्या मधल्या भागात कुणी पाऊलही टाकलेलं नसतं. मोजली ती फक्त कड. मग आत किती जागा आहे हे यंत्राला कसं कळलं?

याचं उत्तर इंजिनिअरिंगच्या आणि बीएससीच्या पोरांना ज्या धड्याने घाम फोडलाय त्यात आहे. व्हेक्टर कॅलक्युलस, म्हणजे सदिश कलन. त्यातलं ग्रीनचं प्रमेय आणि त्याचा मोठा भाऊ, स्टोक्सचं प्रमेय. नावं ऐकून घाबरायचं कारण नाही. दोन्हींचं म्हणणं एका वाक्यात मावतं: कडेवरून नीट फेरी मारली, तर आत एकूण काय चाललंय याचा हिशोब लागतो.

आधी एक शेत मोजून बघू

समजा, पाच कोपऱ्यांचं एक शेत आहे. जवळच एक खुंटी ठोकली. आता प्रत्येक कोपरा या खुंटीपासून किती मीटर पूर्वेला आणि किती मीटर उत्तरेला आहे, एवढंच लिहायचं.

पहिला कोपरा: पूर्वेला १०, उत्तरेला ०.
दुसरा: पूर्वेला ७०, उत्तरेला १०.
तिसरा: पूर्वेला ८०, उत्तरेला ५०.
चौथा: पूर्वेला ४०, उत्तरेला ६०.
पाचवा: पूर्वेला ०, उत्तरेला ४०.

आता पहिल्यापासून पाचव्यापर्यंत आणि परत पहिल्यावर, अशी फेरी मारायची. प्रत्येक बाजूसाठी एकच आकडेमोड. या कोपऱ्याची पूर्व गुणिले पुढच्या कोपऱ्याची उत्तर, त्यातून वजा पुढच्याची पूर्व गुणिले याची उत्तर.

पहिल्या ते दुसऱ्या कोपऱ्याची बाजू: १० × १० वजा ७० × ०, म्हणजे १००.
दुसऱ्या ते तिसऱ्या: ७० × ५० वजा ८० × १०, म्हणजे २७००.
तिसऱ्या ते चौथ्या: ८० × ६० वजा ४० × ५०, म्हणजे २८००.
चौथ्या ते पाचव्या: ४० × ४० वजा ० × ६०, म्हणजे १६००.
पाचव्या ते पहिल्या: ० × ० वजा १० × ४०, म्हणजे उणे ४००.

सगळ्यांची बेरीज ६८००. तिचं निम्मं ३४००. झालं. शेत ३४०० चौरस मीटरचं, म्हणजे ३४ आर. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट, साधारण १०१.१७ चौरस मीटर. त्या हिशोबाने हे शेत साडेतेहतीस गुंठ्यांपेक्षा किंचित जास्त भरलं.

पण ते उणे ४०० कुठून आले?

खुंटीपाशी उभे राहा आणि बांधावरून चालणाऱ्या माणसाकडे दोरी ताणून धरली आहे असं समजा. तो एका कोपऱ्यावरून पुढच्या कोपऱ्यावर गेला की दोरी जमिनीवर एक त्रिकोण झाडून काढते. वरच्या प्रत्येक आकड्याचं निम्मं म्हणजे त्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ. पहिल्या चार बाजूंनी मिळून ३६०० चौरस मीटर झाडले गेले. पण खुंटी शेताच्या बाहेर होती. त्यामुळे खुंटी आणि शेत यांच्यामधली २०० चौरस मीटरची बाहेरची जागाही त्यात आली. शेवटच्या बाजूवरून माणूस उलट्या दिशेने परतला, दोरी उलटी फिरली आणि ते २०० आपोआप वजा झाले. राहिले ३४००.

म्हणूनच खुंटी कुठेही ठोका, शेतात, रस्त्यावर नाही तर शेजाऱ्याच्या अंगणात. उत्तर बदलत नाही. अट एवढीच की कोपरे ओळीने घ्यायचे आणि फेरी जिथून सुरू झाली तिथेच संपवायची.

मधले बांध खोडले जातात, म्हणून हे जमतं

हे फक्त क्षेत्रफळापुरतं असतं तर एक छान युक्ती म्हणून सोडून देता आलं असतं. पण यामागचं कारण मोठं आहे, आणि ते कळायला शेतच बरं.

दोन खाचरं शेजारी-शेजारी आहेत, मधे एक सामाईक बांध. दोन माणसं आपापल्या खाचराला घड्याळाच्या उलट दिशेने फेरी मारतायत. बाकीच्या बांधांवर दोघं वेगवेगळे चालतील. पण मधल्या बांधावर काय होईल? एक उत्तरेकडे जाईल, तर दुसरा दक्षिणेकडे येईल. म्हणजे चालण्याचा हिशोब दिशेसकट मांडला, तर मधल्या बांधावरचं अधिक आणि उणे एकमेकांना खोडून टाकतं. उरतं काय? दोन्ही खाचरांना मिळून बाहेरून मारलेली एक मोठी फेरी.

आता दोनाऐवजी दोनशे खाचरं घ्या, किंवा जमिनीचे टाचणीच्या टोकाएवढे लाखो तुकडे करा. आतला प्रत्येक बांध दोनदा चालला जातो, उलटसुलट दिशांनी, आणि खोडला जातो. शिल्लक राहते ती फक्त बाहेरची हद्द.

ग्रीनच्या प्रमेयाचा आणि स्टोक्सच्या प्रमेयाचा गाभा एवढाच आहे. पुस्तकातली दोन पानांची सिद्धता हेच नीट, काटेकोर भाषेत सांगते.

लाइन इंटिग्रल आणि सरफेस इंटिग्रल म्हणजे नक्की काय?

समजा, तुम्ही बाइकवरून नव्या पुलाने मोठागावहून मानकोलीला निघालात. खाडीवर वारा जोरात. कधी पाठीमागून ढकलतो, कधी समोरून अडवतो, कधी बाजूने आदळतो. प्रत्येक पावलाएवढ्या अंतरावर बघा, वारा तुमच्या जाण्याच्या दिशेने किती होता. पाठीमागून असेल तर अधिक, समोरून असेल तर उणे, बरोबर आडवा असेल तर शून्य. तो आकडा त्या छोट्या अंतराने गुणा आणि सगळ्या रस्त्याची बेरीज करा. हेच लाइन इंटिग्रल, मराठीत रेषा-समाकल. रस्ता गोल फिरून जिथून निघाला तिथेच परत आला, तर त्या बेरजेला अभिसरण म्हणतात.

सरफेस इंटिग्रल, म्हणजे पृष्ठ-समाकल, रस्त्याऐवजी पृष्ठभागावर चालतं. एका पृष्ठाचे बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यातून आरपार काय जातंय ते मोजायचं आणि बेरीज करायची. मासे पकडायच्या जाळ्यातून दर सेकंदाला किती पाणी गेलं, हा त्याचाच एक हिशोब.

या दोघांना जोडणारी कडी म्हणजे कर्ल. खाडीत पुलाच्या खांबाशेजारी पाणी कसं गरगरतं ते आठवा. तिथे एक छोटंसं चाक सोडलं तर ते फिरेल. जिथे जोरात फिरेल तिथे कर्ल जास्त. अजिबात फिरणार नाही तिथे कर्ल शून्य.

आता प्रमेय मांडू. हद्दीवरून फेरी मारून आलेली बेरीज आणि आतल्या प्रत्येक ठिकाणच्या कर्लची बेरीज या दोन्ही सारख्याच असतात. एका बाजूला लाइन इंटिग्रल, दुसऱ्या बाजूला सरफेस इंटिग्रल.

मग शेताच्या क्षेत्रफळाचा इथे काय संबंध? खुंटीभोवती एक काल्पनिक वारा फिरतोय असं समजा. खुंटीपासून जेवढं अंतर, त्याच्या निम्मा त्याचा वेग, आणि दिशा नेहमी दोरीला काटकोनात. या वाऱ्याचा कर्ल सगळीकडे बरोबर १ येतो. प्रत्येक चौरस मीटरमागे १ अशी बेरीज केली की उत्तर म्हणजे चौरस मीटरची संख्याच. म्हणजे क्षेत्रफळ. वर आपण जी आकडेमोड केली, ती या वाऱ्याचं हद्दीवरचं लाइन इंटिग्रल होतं.

बांध कोरला तर किती जातं?

आपल्याकडे जमिनीची निम्मी भांडणं बांध कोरण्यावरून होतात. दरवर्षी नांगरताना थोडा थोडा बांध खायचा, नाही तर हद्दीचा दगड गुपचूप सरकवायचा. हे गणित त्या भांडणाला थेट लागू पडतं.

वरच्याच शेताचा तिसरा कोपरा बघा. शेजाऱ्याने तिथला दगड फक्त एक मीटर पश्चिमेला, म्हणजे आतल्या बाजूला सरकवला. पूर्वेचा आकडा ८० चा ७९ झाला. पुन्हा बेरीज करा. ३४०० च्या जागी ३३७५ चौरस मीटर येतात. २५ चौरस मीटर गेले, म्हणजे जवळपास पाव गुंठा, साधारण २६९ चौरस फूट. एका दगडाच्या एका मीटरमध्ये एक मोठी खोली गेली. गोदामाच्या भावाने तिची किंमत काय होते, ते मानकोलीत कुणाला सांगावं लागत नाही.

म्हणून कोपरा किती अचूक मोजला, यावर सगळं अवलंबून असतं. आपल्याकडे पूर्वी मोजणीची साखळी ३३ फुटांची असायची, तिचे १६ भाग, त्यांना आणे म्हणायचे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे बरोबर एक गुंठा. शेताचे त्रिकोण आणि पट्टे पाडायचे, साखळीने मोजायचे. पुढे फलकयंत्र म्हणजे प्लेन टेबल आलं, मग इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन आणि आता उपग्रहांवर चालणारे रोव्हर. यंत्रं बदलली. पण कोपऱ्यांवरून क्षेत्रफळ काढायचं सूत्र तेच.

कागदावरच्या नकाशासाठीही एक यंत्र होतं. स्वित्झर्लंडच्या याकोब आम्सलर यांनी १८५४ मध्ये ध्रुवीय प्लॅनिमीटर बनवला. दोन दांड्या, एक छोटं चाक. टोक नकाशावरच्या हद्दीवरून एकदा फिरवून आणलं की चाक जितकं फिरलं त्यावरून क्षेत्रफळ मिळतं. वेड्यावाकड्या तलावाचंही. वीज नाही, कॉम्प्युटर नाही. ते चाक चालता चालता लाइन इंटिग्रलच काढत होतं.

आता प्रश्न मोबाइलचा. शेताभोवती फिरा आणि क्षेत्रफळ बघा, अशी ॲप बऱ्याच जणांच्या फोनमध्ये असतात. सूत्र त्यांचंही हेच. पण फोनचं जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही काही मीटरने चुकू शकतं. सगळे कोपरे एकाच दिशेने सारखेच चुकले तर क्षेत्रफळाला धक्का लागत नाही, कारण खुंटी कुठेही असली तरी चालते. पण एक कोपरा इकडे आणि दुसरा तिकडे चुकला, तर गुंठ्यांचा फरक पडतो. रोव्हर स्थिर केंद्रांकडून दुरुस्ती घेतो, म्हणून त्याची चूक काही सेंटीमीटरवर येते. खत किती लागेल याचा अंदाज घ्यायला ॲप ठीक आहे. बांधाचं भांडण त्याच्यावर सोडवायला जाऊ नका.

पिठाची गिरणी चालवणारा गणितज्ञ

ज्याच्या नावाने हे प्रमेय ओळखलं जातं तो जॉर्ज ग्रीन कुठल्या विद्यापीठातला प्राध्यापक नव्हता. १७९३ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला जन्म, वडील बेकरीवाले. शाळा जेमतेम वर्षभर. वडिलांनी स्नेंटनला पवनचक्की बांधली आणि मुलगा दळण दळू लागला. त्यातून वेळ काढून त्याने वीज आणि चुंबकत्वाच्या गणितावर एक निबंध लिहिला आणि १८२८ मध्ये वर्गणी गोळा करून स्वतःच छापला. वर्गणीदार होते ५१. त्यातल्या बहुतेकांना तो कळला नसणार.

वयाच्या चाळिशीत तो केंब्रिजला शिकायला गेला. १८४१ मध्ये वारला तेव्हा त्याचं नाव फार कुणाला माहीत नव्हतं. १८४५ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांच्या हाती हा निबंध लागला. त्यांनी तो पुन्हा छापून आणला आणि युरोपला ग्रीन कळला.

आज पुस्तकात असतं त्या रूपातलं प्रमेय मात्र ग्रीनच्या निबंधात नाही. सपाट पृष्ठासाठीचं ते रूप कोशी यांनी १८४६ मध्ये मांडलं आणि रीमान यांनी १८५१ मध्ये सिद्ध केलं. ग्रीनने त्याच्या जवळचं, तीन मितींमधलं नातं शोधलं होतं. नाव त्याचं राहिलं.

शेतात भराव टाकला तर क्षेत्रफळ बदलतं का?

आता मोठ्या भावाकडे येऊ. मानकोलीच्या बाजूची जमीन सखल आणि खाडीलगतची. गोदाम बांधायचं तर आधी डंपरने मुरूम आणि माती आणून भराव टाकावा लागतो. समजा, आपल्या ३४ आरच्या शेतात मधोमध मातीचा मोठा ढिगारा टाकला. आता जमिनीचा पृष्ठभाग फुगला. ढिगाऱ्यावर ताडपत्री अंथरायची झाली तर ३४०० चौरस मीटरपेक्षा जास्त लागेल. मग सातबाऱ्यावर जमीन वाढली का?

नाही. आणि ते बरोबरच आहे. जमिनीच्या नोंदीत आडवं, सपाट क्षेत्रफळ धरतात. पण गणित काय म्हणतं ते जास्त मजेदार आहे. आपण हद्दीवरून चाललो, आणि हद्द तर बदललीच नाही. म्हणजे लाइन इंटिग्रल तेच. मग दुसऱ्या बाजूचं सरफेस इंटिग्रलही तेच राहायला हवं, पृष्ठभाग सपाट असो, ढिगाऱ्याचा असो की खणलेल्या खड्ड्याचा.

स्टोक्सचं प्रमेय हेच सांगतं. ग्रीनचं प्रमेय सपाट जमिनीपुरतं. स्टोक्स म्हणतात, कड तीच असेल तर पृष्ठभाग कसाही घ्या. जत्रेत साबणाचे फुगे करायची प्लास्टिकची कडी मिळते ना, ती बघा. साबणाच्या पाण्यात बुडवली की सपाट पडदा बसतो. हळूच फुंकर घातली की तोच पडदा फुगतो. कडी तीच. या फुगलेल्या पडद्यातून कर्लची बेरीज करा नाहीतर सपाट पडद्यातून, उत्तर एकच येणार. कारण दोघांची किंमत कडीवरच ठरलेली आहे.

या प्रमेयाची जन्मकथाही वेगळी आहे. केल्विन यांनी २ जुलै १८५० च्या पत्रात ते जॉर्ज स्टोक्स यांना कळवलं. स्टोक्स यांनी त्यावर लेख लिहिला नाही. १८५४ मध्ये केंब्रिजच्या स्मिथ पारितोषिकाच्या परीक्षेत त्यांनी ते सरळ प्रश्न म्हणून घातलं. छापील सिद्धता हर्मन हँकेल यांनी दिली ती १८६१ मध्ये. म्हणजे छापील सिद्धता येण्याच्या सात वर्षं आधी पोरांना ते पेपरात आलं होतं. पेपर फार अवघड होता अशी तक्रार करणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

त्या वर्षी पारितोषिक विभागून मिळालं. दोघांपैकी एक एडवर्ड राउथ. दुसरा जेम्स क्लर्क मॅक्सवेल, ज्याने पुढे वीज आणि चुंबकत्वाची सगळी समीकरणं एकत्र बांधली.

इलेक्ट्रिशियनच्या हातातलं स्टोक्सचं प्रमेय

भिवंडी ही यंत्रमागांची नगरी. माग म्हटला की मोटर आली, मोटर म्हटली की इलेक्ट्रिशियन. त्याच्याकडे चिमट्यासारखं तोंड असलेलं एक मीटर असतं, क्लॅम्प मीटर. काही जण टाँग टेस्टर म्हणतात. वायर कापायची नाही, सोलायची नाही. चिमटा उघडायचा, एका वायरभोवती बंद करायचा. स्क्रीनवर अँपिअर दिसतात.

वायरला हात न लावता आतला करंट कसा कळला? पुन्हा तीच गोष्ट. कडेवरून आतलं.

वायरमधून करंट गेला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र गोल फिरतं. वायरपासून एक सेंटीमीटरवर जेवढं क्षेत्र, दोन सेंटीमीटरवर त्याच्या निम्मं. पण दोन सेंटीमीटरवरच्या वर्तुळाचा घेर दुप्पट. निम्मं गुणिले दुप्पट, गुणाकार तोच. म्हणजे वायरभोवतीची फेरी लहान असो की मोठी, चुंबकीय क्षेत्राचं लाइन इंटिग्रल तेवढंच येतं, आणि ते फक्त आतून जाणाऱ्या करंटवर ठरतं. याला अँपिअरचा नियम म्हणतात. चिमट्याचा जबडा म्हणजे ती बंद फेरी. म्हणून वायर जबड्याच्या मधोमध असो की एका बाजूला, आकडा जवळपास सारखाच दिसतो.

आता एक प्रयोग, तोही फक्त जाणकार इलेक्ट्रिशियनने करायचा. एकाऐवजी फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही वायर एकदम जबड्यात घेतल्या तर? मोटर जोरात चालू असली तरी मीटर शून्य दाखवतं. मीटर बिघडलेलं नाही. एका वायरमधून १० अँपिअर जातायत, दुसरीतून १० अँपिअर परत येतायत. जबड्यातून आरपार जाणारा एकूण करंट शून्य, म्हणून कडेवरची बेरीजही शून्य.

हे शून्य तुमचा जीव वाचवतं

या शून्यावर चालणारं एक यंत्र तुमच्या घरातल्या मीटरच्या पेटीत असू शकतं. त्याचं नाव आरसीसीबी. जुने लोक त्याच कामाच्या स्विचला ईएलसीबी म्हणतात.

त्याच्या आत एक चुंबकीय कडी असते आणि घराच्या फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायर तिच्यातून जातात. सगळं ठीक असेल तर गेलेला करंट तेवढाच परत येतो आणि कडीवरची बेरीज शून्य. पण पावसाळ्यात ओल धरलेल्या मशीनला कुणी हात लावला आणि करंटचा थोडा भाग त्याच्या अंगातून जमिनीत गेला, तर काय होईल? समजा १० अँपिअर गेले, पण परत आले ९.९७. फरक ०.०३ अँपिअरचा, म्हणजे ३० मिलिअँपिअर. कडीवरची बेरीज आता शून्य राहिली नाही. कडीवर गुंडाळलेल्या तारेला ते लगेच कळतं आणि स्विच पडतो. माणसांच्या संरक्षणासाठी घरात बसवतात तो आरसीसीबी साधारणपणे याच ३० मिलिअँपिअरचा असतो.

आणि एमसीबी? ते दुसऱ्या कामाचं. जास्त लोड आला किंवा शॉर्टसर्किट झालं की ते पडतं. १६ अँपिअरच्या एमसीबीला ०.०३ अँपिअरचा फरक दिसतच नाही. म्हणून एमसीबी आहे म्हणजे शॉकपासून सुरक्षित आहोत, हा समज चुकीचा आहे.

आरसीसीबीच्याही मर्यादा याच गणितातून कळतात. कुणी एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल पकडलं, तर करंट शरीरातून जाऊन न्यूट्रलनेच परत येतो. कडीतून जाणारा एकूण करंट शून्यच राहतो. आरसीसीबीला काही कळत नाही. त्यामुळे आरसीसीबी असला तरी अर्थिंग नीट हवं आणि काम करताना मेन बंद हवा. त्याच्यावर टेस्ट नावाचं बटण असतं, ते अधूनमधून दाबून स्विच पडतो की नाही हे बघायचं.

फेरी चुकली तर गणित फसतं

कडेवरून आतलं कळतं हे खरं, पण काही अटींवर.

पहिली अट, फेरी बंद हवी. शेवटचा कोपरा पहिल्याला जोडलाच नाही, तर आत काय आणि बाहेर काय हेच ठरत नाही.

दुसरी, क्रम बरोबर हवा. कोपरे उलटसुलट लिहिले आणि रेषा एकमेकींना कापून आठाच्या आकड्यासारखा आकार झाला, तर एक भाग अधिक आणि दुसरा उणे धरला जातो. क्षेत्रफळ कमी दिसतं. शून्यही येऊ शकतं.

तिसरी अट मधल्या भोकाची. शेताच्या मधोमध दुसऱ्याच्या नावावरची विहीर आणि तिच्याभोवतीची जागा असेल, तर नुसत्या बाहेरच्या फेरीने भागत नाही. आतल्या जागेभोवतीही फेरी मारायची, पण उलट्या दिशेने, म्हणजे तेवढी जागा वजा होते. पुस्तकात भोक असलेल्या प्रदेशासाठी हद्दीच्या दिशेचा जो नियम पाठ करायला लावतात, तो हाच.

म्हणून मोजणी झाल्यावर नकाशाची क प्रत हातात आली की नुसता क्षेत्रफळाचा आकडा बघून घडी घालू नका. कोपरे सगळे आलेत का, त्यांचा क्रम बरोबर आहे का, बांधावरचा प्रत्येक दगड नकाशात जिथे आहे तिथेच जमिनीवर आहे का, हे बघा. मोजमापं कोपऱ्यांच्या आकड्यांसकट मिळाली तर वरची बेरीज कागद-पेन्सिलीने तुम्हालाही करता येईल. गुणाकार, वजाबाकी आणि शेवटी निम्मं. सातवी-आठवीतल्या मुलालाही ते जमतं, आणि एका बाजूला एखादा मीटर इकडचा तिकडे झाला असेल तर तिथेच सापडतो.